ढगात बसलेला ठोसा

मी बोलतोय विमानातून. सांबुरू गुराख्यांच्या माळावरच्या त्या चिमुकल्या, चार जणांच्या विमानातून! मी कृत्रिम क्षितिज. माझ्या पोटात भोवरा फिरतो. ढगात बाहेरचं काही दिसेनासं झालं, की विमान सरळ आहे की कलंडलंय ते मी सांगतो. गोड बोलणं मला जमत नाही. कललात तर कललात म्हणतो.

मला बसवलं दोघा मित्रांनी. लेतीपिला वैमानिक, फिलेमोन मिस्त्री. दोघांची सुंता एकाच वेळची, म्हणजे एका वयोगटाचे. असा मित्र सख्ख्या भावाच्या वरचा. त्याच्यावर हात उगारणं आमच्याकडे पाप.

फिलेमोन उताणा पडून माझ्या नळ्या जोडत होता आणि लेतीपिला चहाचे घुटके घेत टोमणे मारत होता. जोडणी झाली, इंजिन सुरू झालं, तसा मी थोडा कललो.

"वाकडं बसवलंस की रे, गाढवा!"

"यंत्र सरळच आहे. जमीन उतरती आहे."

"जन्मभर इथे गुरं चारली मी. मला माझी जमीन शिकवतोस?"

झालं! माझ्याबद्दलची ती अढी त्याच्या मनात बसली ती बसलीच.

मग गुरांवर दरोडा पडला. गोळीबारात लेतीपिलाच्या धाकट्या भावाच्या, सेरेन्काच्या पोटात गोळी घुसली. त्याला विमानात मागे आडवं टाकलं. फिलेमोन पुढे बसून, हात मागे नेऊन जखम दाबत होता. इस्पितळ डोंगरापलीकडे, आणि डोंगरावर काळाकुट्ट ढग. थांबलो असतो तर पोरगं गेलंच असतं. शिरलो.

ढगानं आम्हाला बुकलून काढलं. गारा काचेवर ताडताड आपटत होत्या. डावा पंख खाली चालला होता, मी जीव तोडून दाखवत होतो. लेतीपिलाला मात्र वाटत होतं, आपण सरळच आहोत.

"पंख सरळ कर! यंत्राकडे बघ!" फिलेमोन किंचाळला.

"खोटारडं आहे ते! वाकडं बसवलंयस तू!" असं ओरडून त्यानं मुठीनं माझी काच फोडली आणि सुकाणू आणखी ओढलं. आम्ही गरगरत खाली निघालो. सेरेन्का मागे गुरासारखा ओरडत होता.

जखमेवरचा हात न काढता फिलेमोननं दुसऱ्या हातानं लेतीपिलाच्या तोंडावर ठोसा हाणला. नाकाचं हाड मोडल्याचं मी ऐकलं. माझ्यावर रक्त उडालं. लेतीपिलाचे हात सुटले, तेवढ्यात फिलेमोननं आपल्या पुढ्यातलं दुसरं सुकाणू धरून माझ्या क्षितिजरेषेवर विमान सरळ केलं; काच फुटली तरी माझा भोवरा फिरतच होता. मग लेतीपिलानं बाहीनं माझ्यावरचं रक्त पुसलं आणि उतरेपर्यंत माझ्यावरून नजर हलवली नाही.

सेरेन्का वाचेल, असा निरोप धावपट्टीवर आला तेव्हा फिलेमोननं ठोसा मारलेली मूठ लेतीपिलापुढे धरली.

"तुझ्यावर हात टाकला मी. शाप दे, घेईन."

लेतीपिलानं त्याची मूठ ओढून उघडली आणि तळहातावर थुंकला. थुंकीत रक्तच जास्त होतं. आमच्या माळावर आशीर्वाद असाच देतात.

"भाऊ जगला रे माझा," म्हणाला आणि ढसाढसा रडला.

माझी काच अजून फुटकीच आहे. तरी हात जोडून सांगतो, ढगात स्वतःच्या अंदाजावर विसंबू नका. आणि शेजारी असा माणूस बसवा, जो वेळ आली तर तुमचं नाक फोडेल.