नवापूरच्या जानूचा बिल्ला

लाल मखमल. खाली थर्मोकोल.

जबड्यात जबडा अडकवून दोरीवर वाळत घातलेले बोंबील.

रंगूनच्या तुरुंगातले एक फडके, धुऊन पिळलेले.

डोळ्यांवर मोठा चष्मा चढवलेला, हसरा, भलताच कोणीतरी वैमानिक.

पितळ चकचकीत करायचे औषध. त्याचा वास अजून माझ्या अंगाला आहे.

मी एक जुना बिल्ला आहे. कागदावर मला पदक म्हणतात, पण नवापूरच्या किनाऱ्यावर सगळे बिल्लाच म्हणत आले. मला सहा टोके आहेत. मध्ये एक मुकुट आहे, तो आपल्यापैकी कोणाचाच नव्हता. वरचे तुकडे मी निवडलेले नाहीत, मित्रांनो. ते माझ्या वाट्याला आले.

ज्याच्या नावाने मी दिला गेलो त्या जानूला मी कधी पाहिले नाही. महायुद्ध संपले, मेलेल्यांची नावे लागली, आणि मग कारखान्यात माझ्यासारखे तारे भराभर ठोकून काढले गेले. माणूस आधी संपतो, बिल्ला मागाहून तयार होतो. या धंद्याची मला पहिल्यापासून शिसारी आहे.

जानू होड्यांची शिडे शिवायचा. हवाई दलाने त्याला घेतले ते सुईसाठी. त्या काळी विमानाच्या अंगावर बऱ्याच जागी कापड असे, गोळ्यांनी त्याला भोके पडत, आणि जानूचा टाका वाऱ्यात उसवत नसे. ब्रह्मदेशाच्या जंगलात एक विमान उतरले होते. त्याला ठिगळ लावायला गेलेली टोळी परत आली नाही. जपान्यांनी सगळ्यांना पकडले. रंगूनच्या तुरुंगात जानू मेला. हगवणीने मेला.

हा शब्द वाचून तुमचे तोंड वाकडे झाले असेल तर थोडा वेळ सरळ ठेवा.

नागोराव नावाचा वऱ्हाडातला एक शिपाई जानूच्याच कोठडीत होता. सुटल्यावर तो बोईसरला उतरला आणि पाम गावावरून चालत नवापूरला आला. जानूची बायको काशीबाई दारात उभी होती, कडेवर तान्ही नव्हे पण लहानच अशी त्यांची लेक येसू. त्याने सगळे सांगितले. जानूला शेवटी उठवत नव्हते. फडके भरायचे. सोबती ते पाळीपाळीने धुवायचे, आणि पाणी वेगळे मिळत नसे, प्यायच्या पाण्यातलेच काढायचे. जानू रोज माफी मागायचा. तू आमचे फाटके शिवलेस, आम्ही तुझे धुतो, असे म्हणून नागोराव त्याला गप्प करायचा.

प्रेत नव्हते म्हणून दर्भाचा पुतळा करून जाळला. मी टपालाने पोचलो तेव्हा सगळे विधी उरकले होते. माझ्याबरोबर एक कागद होता. त्यावर नाव, हुद्दा आणि मरणाचे कारण इंग्रजीत लिहिले होते. काशीबाईने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मला येसूच्या हातात दिले. येसूने मला दोरा बांधून ओल्या वाळूतून ओढले. माझ्या टोकांनी तिने खेकड्यांची बिळे उकरली. तेवढी वर्षे माझी चांगली गेली. मग मी त्या कागदासकट पत्र्याच्या डब्यात गेलो. खाऱ्या हवेने हिरवा पडलो, सुक्या मासळीचा वास अंगात मुरला, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

येसूची आता येसूबाई झाली आहे. ऐंशी ओलांडून गेली तरी बोंबील स्वतः उलटते. तिच्या मुलीचा मुलगा मेहुल बोईसरच्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याच्या ओळखीचे ज्ञानेश सर तिथल्या एका शाळेचे मुख्याध्यापक. त्यांना शाळेत शूरवीर दालन करायचे होते आणि शूरवीर कमी पडत होते. मेहुलने आजीकडे डबा मागितला. तिने दिला, पण एक अट घालून.

"कसा मेला ते लिवायला सांग," ती म्हणाली. "तेवडाच माजा बापूस मला ठावा हाय."

शाळेत माझ्यावर आधी औषध ओतले. कोणीतरी मला जुन्या गंजिफ्रॉकने घासघासून इतके चकचकीत केले की मला माझीच किळस आली. माझ्यामागे एका वैमानिकाचे चित्र लावले. जानू विमानाच्या पोटाखाली बसून कापड शिवत असे, हा तर ढगांत हसत होता.

सरांच्या टेबलावर पडून मी पुढचे ऐकले.

"मेहुलभाऊ, मुलं हसतील हो," सर म्हणाले. "हगवणीने मेला, असं दालनातल्या दगडावर कोरायचं? पाहुणे चहा पिणार आहेत तिथे."

सरांचे मला फारसे वाटले नाही. मेहुल म्हणाला, "नको सर. कंपनीतली पोरं मला सोडणार नाहीत. लढताना मेला असंच लिहा." घरच्याच माणसाच्या तोंडून ते ऐकून मात्र मला ओकारी आली. बिल्ल्याला ओकता येत नाही.

उद्घाटनाला येसूबाई नवे लुगडे नेसून आली. पाहुण्यांनी माझ्याकडे बोट करून सांगितले की हाच तारा शेवटच्या लढाईत जानूंच्या छातीवर झळकत होता. टाळ्या पडल्या. तो लढत नव्हता, मी जन्मलो नव्हतो, आणि त्याच्या छातीवर शेवटी सदराही नसेल. मग येसूबाईला बोलायला उभे केले.  तिला वाचता येत नाही, म्हणून तिने मेहुलला जवळ बोलावून दगडावर काय लिहिले आहे ते विचारले.

मेहुलने वाचले. "ब्रह्मदेशात शत्रूशी लढताना वीरमरण."

"आन कागदात?"

कागद माझ्या शेजारीच टाचलेला होता.  मेहुल म्हणाला, "अतिसार."

"सायबी नको. आपल्यात काय म्हनतात?"

"हगवण," मेहुल म्हणाला. माइक चालू होता.

मुले हसली. मागची रांग तर बाकावर आडवी झाली. सर हात वर करून गप्प बसा, गप्प बसा करत होते. येसूबाईने त्यांनाच थांबवले.

"हसू द्या. माज्या बापसाला हसली तरी चालंल. पन हा चष्मेवाला कोन हाय? याला हात जोडायला मी नाय आलेली."

तिने मला मखमलीतून उपटले. थर्मोकोल कचकन मोडला. दालन रिकामे दिसेल, पाहुणे अजून बसले आहेत, दगड नंतर बघू, असे सर बरेच काही म्हणाले. तिने मला कनवटीला खोवले.  मेहुलने टाचण्या काढून कागद खिशात घातला आणि आजीला धरून मोटरसायकलपर्यंत नेले.  पामला त्याने गाडी थांबवून दगड बदलायला पुन्हा जातो म्हणून सांगितले. तो दोनदा गेला. कारखान्यातल्या पोरांनी विचारले तेव्हा त्याने नागोरावाने सांगितले ते सगळे सांगितले. काही हसले. एकाने जेवणाचा डबा बंद करून बाहेर नेला.

दगड बदललेला नाही. माझ्या जागी बक्षिसांच्या दुकानातून आणलेला एक सोनेरी तारा टांगला आहे. त्याला हार घालतात. जानूऐवजी कोणीही चालतो, माझ्याऐवजी काहीही चालते. डोळे मिटायची सोय असती तर मी मिटले असते.

मी पुन्हा डब्यात आहे, पुन्हा हिरवा पडतो आहे. मित्रांनो, तुमच्या घरी असा एखादा बिल्ला असेल तर त्याला घासत बसू नका. ज्याचा तो आहे त्याचे काय झाले ते घरात विचारा. उत्तर घाणेरडे निघाले तर नाक दाबू नका. प्यायच्या पाण्यात ती घाण धुणारी माणसे होती, आणि त्या धुण्यासाठी त्यांना कोणी बिल्ला दिला नाही.

येसू जन्मली तेव्हा जानू पकडला गेलेला होता. आपल्याला मुलगी झाली हे त्याला कधी कळले नाही.