पुतळाबाईच्या वलांडीवर गाडी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

सही तुमची, शिक्का तुमचा, तारीख तीन वर्षांमागची, सतरा जुलै. ‘सदर जागा पडीक असून तेथे कोणतीही वहिवाट आढळून आली नाही.’ जुलैत आलात तुम्ही! दर्याला बंदी, होड्या शाकारलेल्या, वलांडीचे बांबू सोडून वळचणीला ठेवलेले. जुलैत कोळीवाड्यात वहिवाट शोधणं म्हणजे मे महिन्यात शाळेत जाऊन ‘इथं पोरं शिकत नाहीत’ असं लिहिण्यासारखं आहे. आमच्यात एखाद्या पोरानं एवढी अक्कल पाजळली असती तर आईनं पायलीनं हाणलं असतं. तुम्हाला कोण हाणणार?

वलांडी म्हणजे काय, तेही तुम्हाला माहीत नसेल. बांबू रोवायचे, दोऱ्या ताणायच्या. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. तीन-चार दिवस ऊन-वारा मिळाला की काम झालं. थळच्या कारखान्याचा भोंगा ऐकू येतो एवढ्या अंतरावर आमची वस्ती. तिथं त्याच जागी माझी आते पुतळाबाई सुकवायची, तिच्या आधी तिची सासू. तुमच्या त्या कागदावर जागा मुंबईच्या हर्षदशेठला मिळाली. शेठनं बंगला बांधला, आणि नेमकं वलांडीच्या जागी गाडीसाठी गॅरेज.

त्या गॅरेजची चावी माझ्याकडं होती. हो, मी भिकू, पुतळाबाईचा सख्खा भाचा. पगार मिळत होता म्हणून घेतली चावी. लाज वाटत होती, पण पगार दर महिन्याला यायचा आणि लाज अधूनमधून.

गाडी लाल. दोन दारं, दोन माणसं, ताशी तीनशेचा वेग. जमिनीपासून एवढी खाली की खालून मांजर गेलं तर पाठ घासेल. शेठ वर्षातून दोनदा यायचा. बाकी दिवस गाडीची सेवा मी करायचो. बॅटरी उतरू नये म्हणून चार्जर लावलेला. चाकं एका जागी बसून चपटी होऊ नयेत म्हणून महिन्यातून एकदा हातभर पुढं-मागं ढकलायची. उंदरांनी वायरी खाऊ नयेत म्हणून कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. अंगावर मऊ पांघरूण. आणि खाऱ्या हवेनं गंजू नये म्हणून हवेतला दमटपणा ओढणारं मशीन, रात्रंदिवस चालू. भिंतीवर दमटपणा मोजणारा काटा होता. तो पंचेचाळीसवर हवा. रोज सकाळी काट्याचा फोटो शेठच्या मोबाइलवर.

पुतळाबाई एकदा दारातून बघून गेली.

“कवा चालवतो रं तुजा शेठ?”

“चालवत न्हाय, आते. ठेवतो.”

“मग आणली कशाला?”

“ठेवायला.”

तिनं मशीनकडं पाहिलं, हात पुढं करून हवा चाचपली. “म्हंजी सुकवत टाकलीय म्हण की.”

मी हसलो. तिच्या डोक्यात काय शिजतंय ते मला तेव्हा कळलं नाही.

डिसेंबरात आभाळ आलं. ऊन नाही, वारा पडलेला, आणि त्याच दिवशी तिचा पोरगा रामचंद्र होडीभर बोंबील घेऊन आला. शेजारणीच्या दारात उसनी दोन हात दोरी मिळाली होती, ती केव्हाच भरली. ओला बोंबील थांबत नाही, साहेब. दोन दिवसांत त्यात अळी पडते. पुतळाबाईचं पावसाळ्यातलं सगळं जेवण आणि बाजार त्या पाट्यांत होता. दुपारी ती पाट्या घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली.

“उघड.”

“आते, माजी नोकरी जाईल.”

“माजी वलांडी गेली तवा तुजी नोकरी लागली. आता फिटंफाट कर.”

मी उघडलं. यात माझा मोठेपणा काही नाही. तिच्यासमोर नाही म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

गाडीच्या मागं बरीच जागा होती. पण दोऱ्या बांधायच्या कशाला? भिंतीत हूक सापडले. दुसऱ्या टोकाला काही मिळेना. तेवढ्यात पुतळाबाईनं पांघरूण मागून उचललं. अशा गाडीला मागं एक पंख असतो. वेगात ती जमिनीला धरून राहावी म्हणून. वर्षभर जागेवरून न हललेल्या गाडीचा तो पंख, बिचारा रिकामाच होता. पुतळाबाईनं आधी त्याला चिंधी गुंडाळली, रंगाला ओरखडा नको म्हणून, आणि वर होडीची पक्की गाठ मारली. एवढी काळजी तुम्ही आमच्या जागेची घेतली असतीत तर!

दुसऱ्या दिवशी काटा अठ्ठ्याहत्तरवर. मी फोटो पाठवला. काम म्हणजे काम. शेठचा लगेच फोन.

“भिकू, अठ्ठ्याहत्तर? गाडी सडेल माझी!”

“दर्याची हवा, शेठ. वरनं आभाळ आलंय.”

यातला एक शब्द खोटा नव्हता.

दोन दिवसांनी मुंबईहून नवं मशीन आलं, पहिल्याच्या दुप्पट. बसवायला दोन फिटर. दोघांनी आत पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं. नीराबाई, आतेची शेजारीण, चुलीवर तवा ठेवून तयारच होती. फिटर सहा-सहा बोंबील खाऊन गेले आणि मशीनचं तोंड आपणहून दोऱ्यांकडं वळवून गेले. मग काय, नीराबाईच्याही दोऱ्या आल्या. असा बोंबील किनाऱ्यावर कुणी पाहिला नव्हता. ना माशी, ना रेती. बाहेर वस्तीतली सगळी मांजरं भजनाला बसल्यासारखी दाराकडं तोंड करून बसायची.

आणि रविवारी शेठ आला. न सांगता. सोबत पाहुणे, त्यांची वेगळी गाडी. दोऱ्या बहुतेक उतरल्या होत्या, एकच राहिली होती. पुतळाबाईची, पंखाला बांधलेली. शेठनं पुढून पांघरूण ओढलं, बाजूला फेकलं. मागच्या अंधारात त्याचं लक्षच नाही. पाहुणा शेजारी बसला.

“वास कसला रे, भिकू?”

“दर्याचा, शेठ.”

“वा!” पाहुणा म्हणाला. “हेच तर मुंबईत मिळत नाही.”

मी सांगायला तोंड उघडलं. पण माझ्या आधी इंजिन बोललं, आणि त्याच्यापुढं कुणाचं चालत नाही.

भिंतीतला हूक ठेकेदारानं बसवलेला, तो उपटला. पंखाची गाठ पुतळाबाईची, ती सुटली नाही. लाल गाडी रुबाबात बाहेर पडली आणि तिच्यामागं बोंबलांची दोरी, नवरीच्या शालूसारखी. तिच्यामागं मांजरं, मांजरांमागं कुत्री, वर कावळे. पाहुण्यांची दुसरी गाडी मागं, तिच्या खिडक्यांतून मोबाइल बाहेर. शेठला वाटलं लोक गाडीला बघतायत. त्यानं हातही हलवला.

शाळेजवळच्या गतिरोधकावर गाडीचं पोट टेकलं. पुढं जाईना, मागं येईना. तोवर पुतळाबाई धापा टाकत पोचली.

“हळू चालव की रं! चार दिसांचं सुकं, भुगा केलास!”

शेठ उतरला. दोरी बघितली, पंख बघितला. चेहरा गाडीच्या रंगाचा झाला.

“माझ्या गॅरेजात मासे?”

“तुज्या गॅरेजात न्हाय, बाबा. माज्या वलांडीवर. तू वरनं छप्पर घातलंस, मशीन बसवलंस, उपकार झाले. पण जागा माजीच हाय ना?”

लोक हसले. पाहुण्यांतली एक बाई खाली वाकली आणि दोन धड जोड्या पिशवीत टाकून घेतल्या. शेठनं तेही पाहिलं. त्याला जास्त त्याचंच लागलं असावं.

माझी नोकरी त्याच जागी गेली. गाडी दोन दिवसांनी ट्रकवर चढून मुंबईला गेली. एसी लावला की आत बोंबलाचा वास येतो म्हणे, धुऊन जात नाही. गॅरेजला कुलूप आहे. आत दोन्ही मशीनं चालूच आहेत, बाहेर घरघर ऐकू येते. कोरडी हवा नुसती वाया चाललीय. आणि पुतळाबाईचा या खेपेचा बोंबील बाहेर दमट हवेत, उसन्या दोरीवर.

मग जानेवारीत तुमची नोटीस आली. पुतळाबाईच्या नावानं, शेठच्या तक्रारीवरून. ‘सदर जागेत मासळी सुकवण्याची वहिवाट चालू असल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा.’

मी तिला ती दोनदा वाचून दाखवली. ती म्हणाली, “परत वाच. वहिवाट म्हनला ना तो?”

“व्हय.”

“सही?”

“त्याच सायबाची.”

तिनं नोटीस घडी घालून डब्यात ठेवली, रेशनकार्डाच्या खाली.

हा आमचा खुलासा. आता तुमचा द्या. जुलैच्या कागदावर तुम्ही लिहिलंत, तिथं वहिवाट नाही. जानेवारीच्या कागदावर लिहिलंत, आहे. हात तोच, पेन तोच, जागा तीच. दोन्हींतला खोटा कागद कोणता? जानेवारीचा खोटा असेल तर पुतळाबाईला नोटीस कसली? जुलैचा खोटा असेल तर तिच्या वलांडीवर गॅरेज कसलं? आम्हीही सात दिवस देतो. साहेब, लिहून द्या, कोणता?