सव्वादोन तासांवरचं गाव

मी आग्लायाची निळी, चाकांची बॅग बोलतेय. माझं एक चाक कुरकुरतं आणि स्वभावही तसाच आहे. तेव्हा आधीच सांगून ठेवते, गोड बोलणं मला जमत नाही.

आग्लाया रुमानियाची. इथं तुरीनला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी राहून त्यांचं सगळं करते. अंघोळ, औषधं, सूप भरवणं. तिची स्वतःची आई मात्र तिकडे, बकाऊजवळच्या खेड्यात. पूर्वी बसनं जाताना अंग आंबून जायचं. आता विमान सव्वादोन तासांत सोडतं. दीड हजार किलोमीटर म्हणजे काहीच नाही! "अगं आई, शेजारीच तर आहे मी," असं ती फोनवर म्हणायची. शेजारी असलं की काय होतं, माहितीय? माणूस उद्या जातो. चार वर्षांत मी कपाटावरून खाली उतरले ती एकदाच.

मग एका संध्याकाळी तिच्या भावाचा, साबिनचा फोन आला.

"ताई, आईचं काही खरं नाही. मेणबत्ती तूच धरायची म्हणून अडून बसलीय. शेजारणींना हात लावू देत नाही."

आमच्या रुमानियात मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती लागते, नाहीतर पुढची वाट अंधाराची. आग्लाया ढसाढसा रडली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान सोडून तिनं संध्याकाळचं तिकीट काढलं. का, तर खरेदी! परदेशातून रिकाम्या हातानं दारात उभं राहिलं की गावात नाक कापलं जातं ना. कॉफी, चॉकलेटं, वहिनीला सपाता, भावाच्या सासूला साबण. माझ्यावर गुडघा रोवून तिनं चेन ओढली. "पुरे कर गं बाई, तिकडे जीव चाललाय!" मी ओरडले. पण आमचं कोण ऐकतंय!

विमानाच्या दाराशी विमान कंपनीच्या एका पोरीनं मला मापाच्या खोक्यात घालायला लावलं. मी कुठली मावते! सामानात द्यायची वेळ कधीच टळली होती. आग्लाया कॉफीची पुडकी बाहेर काढायला लागली.

"अहो, आवरा की, दार बंद होईल," मागची बाई करवादली.

आग्लायानं मला तशीच उघडी टाकली आणि धावत सुटली. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं!

पुढे आठवडाभर मी हरवलेल्या सामानाच्या खोलीत पडून होते. ती मला न्यायला आली तेव्हा अंगावर काळे कपडे होते. बॅग का टाकली ते ऐकून तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं हळूच विचारलं, "भेट झाली का?"

"पोहोचले हो. मेणबत्ती मीच धरली. त्या दिवशी सकाळभर माझ्या नावानं हाका मारत होती म्हणे. दुपारनंतर तिला कुणी ओळखूच येईना. रात्री मी पोहोचले, तर मला म्हणाली, 'बाई, तुम्ही जरा सरका. इथं माझी आग्लाया बसणार आहे.'"

"मग?"

"सरकले."

आता मी पुन्हा कपाटावर आहे. त्या दिवसापासून तिनं मला उघडलेलं नाही. तुमचीही कुणी वाट बघत असेल, तर बाबांनो, आम्हा बॅगांना घरीच राहू द्या आणि निघा. आम्हाला राग येत नाही.