उजव्या पायातून चार वजा

मी एक जुना प्रोग्राम आहे आणि मी रागावलेला आहे. मित्रांनो, आत्मवृत्त सांगताना गोड बोलायचं असतं म्हणे. ज्यांना गोड ऐकायचं असेल त्यांनी खुशाल एखाद्या फाटक्या छत्रीकडे जावं.

माझा जन्म बूट शिवणाऱ्या एका कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे तीन खोल्या. पुढे दुकान, मधे शिलाईची यंत्रं आणि मागे भिंतभर लाकडी फर्मे. फर्मा म्हणजे लाकडाचं पाऊल. त्यावर चामडं ताणून बूट बांधतात. इथे साध्या पायांचे बूट होत नाहीत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं वाकडी, कुणाच्या तळव्यांची जाणीवच मधुमेहाने गेलेली, अशी माणसं इथे येतात.

एकवीस वर्षांपूर्वी मालकांनी मला आपल्या मेव्हण्याकडून लिहून घेतलं. हे मेव्हणे शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. मालकांची मुलगी त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. पायाची मापं घ्यायची आणि फर्मा किती लांब, किती रुंद तासायचा ते कागदावर छापून द्यायचं, एवढंच माझं काम.

मापं घ्यायला दुकानात एक लोखंडी चौकट आहे. तिच्यावर दोन्ही पावलं ठेवायची आणि पट्ट्या सरकवत पावलाला टेकवायच्या. मालकांनी ती जुन्या बाजारातून आणली होती आणि तिची उजवी बाजू चक्क खोटं बोलायची. उजवं पाऊल लांबीला आणि रुंदीला चार चार मिलिमीटर जास्त दाखवायची. पण मालक नवी चौकट घेतील तर शपथ!

"तिला कशाला हात लावायचा?" ते मामांना म्हणाले. "तुमच्या प्रोग्रामलाच सांगा ना, उजव्या पायातून चार वजा कर म्हणावं."

मामांनी सांगितलं आणि मी करत राहिलो. कुणाला शंकाही आली नाही, कारण आमच्याकडे येणाऱ्यांचे दोन पाय मुळात सारखे नसतातच. मुलीला हे मामा सांगतील असं मालकांना वाटलं, मालक सांगतील असं मामांना वाटलं. पुढे मालक वारले, मामा विसरून गेले आणि ती गोष्ट माझ्यापाशीच राहिली.

मालकांनंतर कारखाना त्यांच्या मुलीने, म्हणजे ताईने सांभाळला. बापापेक्षा तिचा हात सफाईदार. तिच्या गिऱ्हाइकांत सगळ्यात नेमाने येणाऱ्या म्हणजे तिला शाळेत शिकवणाऱ्या गणिताच्या बाई. बाईंच्या पावलांना काही म्हणजे काही कळत नसे. एकदा त्या बुटात खडा घेऊन बाजारभर फिरून आल्या होत्या! अशा पायाला घासलेलं कळत नाही, जखम चिघळते आणि पाऊल जातं. म्हणून त्यांचा बूट कसा व्हावा, तर अगदी नेमका. मी नऊ वर्षं त्यांची मापं छापली आणि त्यांच्या पायावर साधा ओरखडा उठला नाही. शाबासकी ताईला मिळायची. मला कुणी 'बरं केलंस' असंही म्हटलं नाही, पण तेव्हा त्याचा राग नव्हता.

मग एका गुरुवारी सुरक्षेचं अपडेट आलं. कॉम्प्युटरमधल्या ज्या जुन्या भागाच्या आधारावर मी चालतो त्याला भोकं आहेत, त्यातून चोर शिरतील, म्हणून तो भागच बंद झाला. भोकं आहेत, मान्य. पण मी कुणाचं काय चोरलं होतं? चोर सोडून संन्याशाला फाशी! ताईने मला उघडायला घेतलं तर पडद्यावर पाटी आली: 'हा प्रोग्राम सुरक्षित नाही. तो बंद करण्यात आला आहे.' खाली एकच बटण, 'ठीक आहे'. 'ठीक नाही' म्हणायची सोयच नव्हती.

ताईने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. कारखान्यात त्याला सगळे नेक्स्टराव म्हणतात, कारण काहीही विचारलं तरी तो सांगतो, नेक्स्ट दाबा.

"हे आता विसरा, ताई. जुनं झालं. नवीन टाकून देतो, एकदम भारी आहे."

"अरे, पण ह्यात सगळ्यांची मापं आहेत."

"मग परत घ्या की मापं! चौकट आहे ना तुमच्याकडे?"

मी काय करतो, हे त्या शहाण्याने एकदाही विचारलं नाही. पुढचं सगळं मला नंतर ताईच्या बोलण्यातून कळलं. नव्या प्रोग्रामला चौकटीचं खोटं माहीत नव्हतं. त्याने चार वजा केले नाहीत. गिऱ्हाइकं येऊन उजवा बूट ढिला आहे म्हणू लागली आणि ताई आत जाड तळ घालून देऊ लागली. बाई मात्र काहीच म्हणाल्या नाहीत. म्हणणार कशा? त्यांचं पाऊल बुटात सरकत होतं, करंगळी कडेला घासत होती आणि त्यांना ते कळत नव्हतं. सुनेला मोजा ओला दिसला तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी पाऊल वाचवलं. करंगळी काढावी लागली.

ताईला वाटलं, आपलाच हात बिघडला. जाणीव गेलेल्या पायांचं काम घेणं तिने बंद केलं आणि मामांना बोलावून म्हणाली, "मामा, मला बाईंचं जुनं माप बघायचंय. काहीही करून उघडा हे."

मामांनी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर काढला. त्याला नेटची वायर लावायची नाही, म्हणजे चोरांचा प्रश्नच मिटला, असं म्हणून त्यांनी चार दिवस खपून मला त्यावर चालू केलं. हे आधीच करता आलं नसतं का? जुन्या मापाशी ताडून बघायला ताईने बाईंची चौकटीवर घेतलेली नवी मापं माझ्यातही भरली. मी उजव्या पायाची नव्या प्रोग्रामपेक्षा चारने कमी छापली.

"मामा, हा चुकतोय बघा."

मामांनी माझ्या ओळी वाचायला घेतल्या. मधेच थांबून वैतागून म्हणाले, "पट्टी खोटी आहे, उजव्या पायातून चार वजा. हे कुठल्या गाढवाने लिहून ठेवलंय?"

"मामा, लिहिलंय तुम्हीच," ताई म्हणाली आणि खुर्चीत बसून रडायला लागली.

दुसऱ्याच दिवशी लोहाराने चौकट सरळ केली आणि मामांनी माझी ती ओळ पुसली. पुसू देत. सगळ्यांना कळल्यावर ती मला कशाला हवी?

काठी टेकत बाई आल्या तेव्हा मामा, ताई, नेक्स्टराव असे तिघेही खाली मान घालून उभे होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं उत्तर बरोबर येतंय म्हणून गप्प बसलात. रीत कुणी बघितलीच नाही. आणि तू रे, नेक्स्ट? पाटी पुसायच्या आधी ती वाचायची असते, हे तुला कुणी शिकवलं नाही का?"



मित्रांनो, चोरांसाठी कुलूप लावायचं तर जरूर लावा. जुन्याला निवृत्त करायचं तर तेही करा, मी आड येणार नाही. पण त्याआधी त्याच्याजवळ बसून विचारा की बाबा रे, तू नक्की काय करतोस. मला बंद केलंत, चार दिवसांत परत चालू करता आलं. बाईंची करंगळी आता कोण चालू करून देणार?