चांदमारीवरचा उजेड

जामखेड रस्त्याला शहराची घरे विरळ होत जातात, तिथे आत वळल्यावर मुरमाचा एक उंच बांध आहे. सकाळचा उजेड आधी त्या बांधाच्या माथ्यावर येऊन थांबतो. खाली उतरण्याची त्याला घाई नसते. प्रथम माथ्यावरचे वाळलेले गवत तांबूस होते. मग मुरमातले बारीक खडे एकेक करून आपापली सावली टाकू लागतात. मग उजवीकडच्या निलगिरींमधून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या मैदानात पडतात आणि त्या पट्ट्यांपुरते धुके हलताना दिसते. सर्वांत शेवटी ऊन पन्नास मीटरवरच्या लाकडी चौकटींपाशी पोचते. तोवर कागदावरचा गोल, ज्याला नेमबाज चांद म्हणतात, करडा दिसत असतो. ऊन लागले की तो काळाभोर होतो.

हे सारे क्रमाने पाहण्याची सवय शौनकला वडिलांनी लावली होती. शरच्चंद्र सर शाळेत एनसीसी शिकवत. निवृत्तीनंतरच्या शेवटच्या वर्षी ते रोज पहाटे त्याच्या खांद्यावर हात ठेवून या चांदमारीवर येत, सतरंजीवर त्याच्या शेजारी बसत आणि आधी एकच प्रश्न विचारत, "आज उजेड कसा आहे?" चारचौघांत दोन वाक्ये सलग न बोलणारा शौनक त्यांना तो सांगे: कुठून येतो आहे, कुठवर पोचला, कशापाशी अडला. हा नेमबाजीचाच एक धडा आहे, असे तो धरून चालला होता. सरांना जाऊन आता दीड वर्ष झाले होते.

त्यांची रायफल राहिली होती. खरे तर ती नेमबाजी क्लबची होती. लष्करातून निकाली निघालेली, अंगाने थेट थ्री नॉट थ्री, पण लहान गोळीची, सरावासाठी घडवलेली. लाकडी दस्त्यावरचे शिक्के हातांच्या घामाने पुसट झाले होते. क्लबच्या सेक्रेटरी सरोजिनीताई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. परवान्यावर जागा एकच आणि नवी रायफल मागणारे सहा जण. तेव्हा रविवारी नऊ वाजता या म्हातारीने, म्हणजे जुन्या रायफलने, पाच गोळ्या मारून दाखवायच्या. चांदाच्या मधोमध वाटी पालथी घातली तर पाचही भोके तिच्याखाली झाकली गेली पाहिजेत. नाही तर सोमवारी रायफल पोलिसांकडे जमा, आणि तिथून वितळायला भट्टीत. शौनकने दुसरी रायफल कधी हातात धरली नव्हती. ती गेली की त्या सतरंजीवर बसण्याचे कारणही जाणार होते.

आज तो रविवार होता. सात वाजले होते, आणि शौनकच्या पाच गोळ्या नुकत्याच मारून झाल्या होत्या. कागद आणायला गेलेले गहिनीनाथमामा तो उन्हात धरून हसत परतले.

"गोळ्या एकाच घरात नांदत्यात," ते म्हणाले, "पन घर शेजाऱ्याचं हाय."

पाचही भोके एकमेकांना चिकटली होती, मात्र मध्यापासून चांगली दोन बोटे डावीकडे. वाटीच्या बाहेर.

गहिनीनाथमामा सरांचे एनसीसीतले जुने विद्यार्थी, पुढे लष्करात हत्यारे दुरुस्त करणारे हवालदार होते. गेले सहा महिने दर रविवारी ते जामखेडहून पहिल्या एसटीने येत होते. पावसाळ्यात फुगलेले पुढचे लाकूड नळीला एका अंगाने रेटत होते. मामांनी नळी आणि लाकूड यांच्यामधून पोस्टकार्ड सरकवून पाहिले, ते अडेल तिथे लाकूड केसाकेसाने खरवडले, जवसाचे तेल पाजले. मग नळीवर नाणे ठेवून शौनककडून रिकामा चाप ओढवून घेतला. नाणे पडेनासे होईपर्यंत, महिनोन् महिने.

"आता माशी तेवढी ऱ्हायली," मामा म्हणाले. नळीच्या टोकावरची पोलादी पट्टी म्हणजे माशी. तिच्यावरूनच नेम धरायचा. "जरा डावीकडं ठोकली की झालं."

"ती बाबांनी बसवली आहे, मामा."

माशीच्या बुडाशी सरांनी कानशीने ओढलेली बारीक रेघ होती. आंघोळ झाल्यावर देवाला हात लावावा, तसा शौनक तिला रोज बोट लावी.

"ठावं हाय. म्हून तर सा महिने तिकडं बघितलं न्हाई." मामांनी कापराची वडी पेटवली आणि तिच्या काजळीवर माशी धरून काळी केली. "उन्हानं उजवी कड चमकती, डोळा फसतो. आता कुनाला लपायला जागा न्हाई. मारा दोन."

दोन्ही गोळ्या त्याच जागी डावीकडे गेल्या.

"म्हंजी उन्हाकडं बोट दाखवता येत न्हाई," मामा म्हणाले. "सरांनी कवा सरकवली ही?"

"शेवटच्या हिवाळ्यात. माझ्या सगळ्या गोळ्या उजवीकडे जात होत्या."

"का जात हुत्या?"

शौनकने चापावरचे बोट काढून घेतले.

"तुमी चाप हिसकत हुता, शौनकराव. ती खोड काढता काढता माझं नानं झिजलं. सरांनी इचारलं न्हाई तवा?"

"विचारलं होतं. बोट हिसकतंय का, म्हणाले. मी म्हणालो, नाही. रायफलचाच दोष आहे, म्हणालो."

"आन शेजारी बसून त्यांनी त्ये मानलं?" मामांचा आवाज उतरला. "आवो, तीस पोरं रांगेत पालथी पडलेली असायची. कुनाचं बोट हाललं त्ये सर मागनं वळखायचे. मला सोडलं न्हाई त्यांनी कवा." पितळी खिळा आणि लहान हातोडी त्यांनी सतरंजीवर ठेवली. "ठोकायची तर तुमीच ठोका. न्हाई ठोकली तरी मी पुढल्या ऐतवारी येनारच हाय."

शौनक त्या रेघेकडे पाहत राहिला. चहाची बशी चाचपणारी बोटे त्याला आठवली. चष्मा सापडत नाही म्हणून त्याच्याकडून वाचून घेतलेले वर्तमानपत्र आठवले, आणि थंडीच्या नावाखाली खांद्यावर ठेवलेला तो हात. प्रत्येक वेळी त्याने या गोष्टींना दुसरेच काही नाव दिले होते. आता लाज तर वाटलीच, पण लाजेच्या पाठोपाठ दुसरे काही भरून आले, आणि ते लाजेहून मोठे होते. डोळ्यांना पाहण्यासारखे काही उरले नसताना तो माणूस वर्षभर पहाटे उठून इथवर आला होता. मुलाच्या खोट्या शब्दावर भरवसा ठेवून त्याने आपल्या हातांनी माशी सरकवली होती. आणि या अबोल मुलाकडून रोज एक अख्खी सकाळ बोलवून घेतली होती.

त्याने खिळा टेकवला आणि हलके तीन टोले मारले. माशी केसभर डावीकडे गेली. सरांची रेघ जागची हलली नाही. आता ती माशीच्या शेजारी उघडी दिसू लागली.

नऊ वाजता सरोजिनीताई आल्या. त्यांनी खरोखरच घरून स्टीलची वाटी आणली होती. शौनक सतरंजीवर पालथा झाला. नेम धरण्याआधी, कुणी विचारले नसतानाही, तो पुटपुटला, "ऊन उजवीकडून आहे. चांदाच्या खाली उतरलंय." मग त्याने सावकाश, एकाही गोळीची घाई न करता पाच वेळा चाप ओढला.

ताईंनी कागदावर वाटी पालथी घातली, उचलली, पुन्हा घातली. पाचवे भोक काठाला लागून होते, पण आतच.

"राहू दे तुमची म्हातारी," त्या म्हणाल्या. "वाटी मी परत नेते, आमटीला कमी पडते."

गहिनीनाथमामांनी पाठ वळवून उगाचच तेलाच्या बाटलीचे बूच घट्ट केले. शौनकने वाकून त्यांच्या पायांना हात लावला; "लई झालं, उठा," एवढेच ते म्हणाले.

रायफल पेटीत ठेवताना ताईंचे लक्ष त्या रेघेकडे गेले. "ही सरांची खूण ना? माशी तिच्यावरून हललेली दिसतेय. त्यांची चूक होईल असं वाटलं नव्हतं."

"चूक माझी होती," शौनक म्हणाला. "बाबांना शेवटचं वर्षभर दिसत नव्हतं."