रिकामं उत्तर

भागम्माचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मल्लेश्वरीनं तिच्या हातात चहाचा कप दिला.

"हे न्हाई गं... ते..."

"चष्मा? उशाशी हाय बघ, अव्वा."

भागम्मा लेकीकडं बघत राहिली. मग "व्हय" म्हणून तिनं नको असलेला चहा धरून ठेवला. मागच्या आजारपणापासून तिला शब्द लवकर सापडत नसत. कोणी हातात दिला तर तोच आपला, असं ती मानून घ्यायची.

मल्लेश्वरी लॅपटॉपकडं वळली. बी-बियाणं विकणाऱ्या एका वेबसाइटला शोधाचं सॉफ्टवेअर हवं होतं आणि दोन शर्यतीत होती. त्यांची परीक्षा घेणारं साधन ती बांधत होती. गिऱ्हाइकांनी टाइप केलेले शब्द दोघांपुढं टाकायचे, उत्तर किती वेळात येतं ते मोजायचं. पहिलं दरवेळी जिंकत होतं. काम पसंत पडलं तर पुढचंही आळंदच्या याच खोलीत बसून करता येणार होतं. नाहीतर बंगळूर. मग अव्वाला कोण बघणार, हे कुठल्याच सॉफ्टवेअरला विचारता येत नव्हतं.

नागेंद्रचा फोन आला. कामं वाटून देणारा तोच.

"अक्का, पहिलंच पक्कं करायलोय. अजून काय बघायचं ऱ्हायलंय का?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर उगाच सगळ्यात वेगवान उत्तर उघडून बघितलं.

शब्द होता 'तोगरी'. इकडं निम्मी माणसं तुरीला तोगरीच म्हणतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरनं रेंगाळत, चाचपडत तुरीचं बी शोधून आणलं होतं. पहिल्यानं काहीच आणलं नव्हतं. पान कोरं. तशी कोरी पानं मग सापडतच गेली. तिच्या साधनानं वेळ मोजला होता, उत्तरात काय आहे ते विचारलंच नव्हतं. न्हाई म्हणायला कितीसा वेळ लागतो?

तिनं रिकामी उत्तरं बाद केली, परीक्षा पुन्हा लावली. पहिलं खाली घसरलं. तिनं नागेंद्रला फोन करून सांगितलं.

"मग गेल्या हप्त्यात पाठवलेला तक्ता?"

"चुकीचा. साधनच चुकीचं बांधलं मी."

"त्याच्यावर मोठ्या साहेबांनी होकार कळवलाय, अक्का. बघतो. पुढच्या कामाचं आत्ता काय सांगता येत न्हाई."

मल्लेश्वरीनं फोन पालथा ठेवला.

"मल्ली," भागम्मा म्हणाली. "तू... तू लई..."

'पाणी' मल्लेश्वरीच्या जिभेवर तयार होतं. तिनं ते गिळलं. लॅपटॉप मिटला. भागम्माची बोटं पदराचा काठ उलटसुलट करत होती, जणू तो शब्द तिथंच कुठंतरी दुमडून ठेवला होता. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. चहावर साय धरली.

"...दमलीस," भागम्मा म्हणाली. "सकाळपास्नं तेच म्हणायलेय मी."

मल्लेश्वरीनं तिच्या हातातला निवलेला कप घेतला. एक घोट प्यायली, कप खाली ठेवला, परत उचलला.

"व्हय" म्हणायला तिला बराच वेळ लागला.