मागच्या बाजूची गाठ

दानेश्वरीनं पोह्यांची बशी विरूपाक्ष अण्णांच्या हातात दिली आणि शिकवल्याप्रमाणे दोन पावलं मागे सरकली. नेसरीचे हे पाहुणे मुलाला, रुद्रेशला, घेऊन तिला बघायला आले होते आणि नेमके दिवाणावर ऐसपैस बसले होते. त्यांच्याखाली, दिवाणाच्या पेटीत अंथरुणांच्या तळाशी, तिची सगळी मांगा होती. जपानी प्रेमकथांची चित्रांची पुस्तकं. आईनं सकाळीच ती तिथं कोंबली होती. चित्रं बघत बसणारी पोरगी कोण पदरात घेईल, असं आईचं म्हणणं.

टीपॉयवर कसुतीच्या भरतकामाचा रुमाल पसरला होता. तो भरला होता शेजारच्या बनाबाईंनी, पण आई दर पाहुण्याला लेकीचंच नाव सांगायची. सांगून सांगून तिला ते खरंच वाटू लागलं असावं.

"आमच्या मंडळींच्या पदरावरची कसुती बघाय गाव येतंय," विरूपाक्ष अण्णा म्हणाले.

दानेश्वरीनं बेतानं हसून घेतलं. नकार आला की आई न जेवता पडून राहायची, आणि होकार आला तर जन्मभर हेच सोंग वठवायचं. तिला दोन्हींचा वीट आला होता. पुस्तकातल्या पोरींना खरं बोलायला शेवटी एक अख्खं पान मिळायचं. हिच्या हातात आपला पोह्यांचा ट्रे.

अण्णांनी मग मुलाचं कौतुक लावलं. शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर, पहाटे तालीम, घरात पाण्याचा तांब्यासुद्धा उचलत नाही, पुरुषासारखा पुरुष. रुद्रेश प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता, पण दमल्यासारखी. तसली मान दानेश्वरीच्या चांगली ओळखीची होती.

बोलणं चालू असतानाच त्याचा हात रुमालाकडं गेला. त्यानं कोपरा उलटा करून त्यावर अंगठा फिरवला.

"गाठ मारलीया," तो सहज बोलून गेला. "कसुतीत गाठ मारत न्हाईत. दोन्ही बाजू सारख्या दिसाय पायजेत."

"तुला रं कुठनं ठावं?" अण्णांनी विचारलं.

"असंच," रुद्रेश म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. अण्णांची नजर मात्र त्याच्या बोटांवरून हलेना.

चुकून पडली गाठ, असं म्हणून हसलं की ती आणि रुद्रेश दोघंही सुटत होते. आई डोळ्यांनी तेच सांगत होती. पण दानेश्वरीला आता तेवढंही झेपेना.

"त्यो रुमाल मी भरल्याला न्हाय," ती म्हणाली. "मला सुई धरायबी येत न्हाय."

आई मटकन खुर्चीत बसली. अण्णा एकदा रुमालाकडं, एकदा पोरीकडं बघत राहिले.

"मला येतंय, अप्पा," रुद्रेश फरशीकडं बघत म्हणाला. "अव्वाच्या इरकली लुगड्याचा पदर मीच भरलाय. तुमी गावाला दावत हिंडता, त्योच."

पोहे गार होत होते. शेवटी अण्णांनी घसा खाकरला. आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता.

"आणि तुला गं, बाळ? तुला काय येतंय?"

दानेश्वरीनं ट्रे खाली ठेवला.

"सांगते की," ती म्हणाली. "जरा उठता का, अण्णा? माझी पुस्तकं तुमच्याखाली हायत."

विरूपाक्ष अण्णा बशी सांभाळत उठले आणि दिवाणापासून बाजूला झाले.